पावसाच्या नोंदवहीचा सारांश कसा काढायचा: तक्ता, आलेख आणि सरासरी, अगदी पहिल्यापासून

शाळेत, शेतावर, ग्रामपंचायतीच्या आवारात पर्जन्यमापक बसवलेला असतो, कोणीतरी रोज सकाळी साडेआठला जाऊन मोजून वहीत आकडा लिहितं, आणि महिना संपल्यावर कोणी विचारलं की किती झाला पाऊस, तर बेरीज करून एक आकडा सांगितला जातो, फार तर ३१ ने भागून सरासरी. एवढी रोजची मेहनत आणि त्यातून बाहेर येतो एक आकडा! मी बरीच वर्षं अशा नोंदी ठेवतोय आणि दुसऱ्यांच्या वह्यांचे सारांश करून देतोय, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढावं म्हटलं, कारण पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक सगळं असतं, पण आपल्या हातातल्या वहीला ते कसं लावायचं हे कोणी शेजारी बसून सांगत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो: सरासरी सगळ्यात शेवटी काढायची. आधी आकडे साफ, मग तक्ता, मग चित्र, आणि मग सरासरी वगैरे. हा क्रम उलटा केला की पहिला हातात आलेला आकडाच डोक्यात बसतो आणि बाकी काही दिसेनासं होतं.

खालचं सगळं पावसाच्या आकड्यांवर आहे, पण दुधाचं रोजचं संकलन, विजेची बिलं, वर्गातले मार्क, सर्व्हेत विचारलेली वयं, काहीही असलं तरी पायऱ्या याच.

काय काय लागेल

- मूळ नोंदवही, किंवा तिच्या पानांचे मोबाईलवर काढलेले स्वच्छ फोटो
- एक्सेल किंवा गूगल शीट्स. नसेल तर चौकटीची वही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर, ३१ आकड्यांसाठी एवढं पुरतं
- पर्जन्यमापक कुठे आहे, कोण मोजतं, किती वाजता मोजतं, याची दोन ओळींची माहिती
- पंचांग असलेलं कॅलेंडर (का ते पुढे येईल)

## पायरी १: आधी आकडे साफ करा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

पहिली गोष्ट, रिकामी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे माणूस गेला, मोजलं, पाऊस नव्हता. रिकामं म्हणजे मोजलंच नाही, रविवार होता, शाळेला सुट्टी होती, मोजणारे काका गावाला गेले होते. टाइप करताना रिकाम्या जागी शून्य टाकला की सरासरी खाली येते, कारण एक्सेलचं ॲव्हरेज रिकामा सेल मोजतच नाही पण शून्य मात्र मोजतं. त्यामुळे जिथे नोंद नाही तिथे सेल रिकामाच ठेवा आणि शेजारच्या रकान्यात 'नोंद नाही' असं लिहा.

दुसरं, सुट्टीनंतरचा आकडा. रविवारी मोजलं नाही तर सोमवारी भांड्यात दोन दिवसांचं पाणी असतं. वहीत सोमवारपुढे ४० लिहिलेलं असेल तर तो एका दिवसाचा पाऊस नाही. महिन्याच्या बेरजेत तो बिनधास्त घ्या, पण दिवसांच्या तक्त्यात घेऊ नका, आणि दोन्हीकडे वीस-वीस असा आपल्या मनाने वाटूनही टाकू नका.

तिसरं, तारीख. साडेआठला घेतलेलं माप हे मागच्या २४ तासांचं असतं, म्हणजे त्यात बहुतेक पाऊस कालचा असतो. हवामान खात्याची पद्धत अशी की ज्या सकाळी मोजलं त्या तारखेला तो आकडा. २६ जुलै २००५ चा मुंबईतला पाऊस सगळ्यांना माहीत आहे, सांताक्रूझला ९४४ मिमी, तो आकडाही २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचाच आहे. तुमच्या वहीत कोणती पद्धत आहे ते मोजणाऱ्याला विचारून घ्या. एक माणूस कालची तारीख लिहितो आणि बदलीवरचा आजची, असं झालं असेल तर एक दिवस दोनदा येतो आणि एक गायब होतो.

चौथं, सेलमध्ये फक्त आकडा. '१४ मिमी' असं टाइप केलं की एक्सेल त्याला शब्द समजतं आणि बेरजेत धरत नाही, एररही दाखवत नाही. ओळखायची खूण सोपी आहे, आकडे सेलच्या उजव्या बाजूला चिकटतात आणि शब्द डाव्या. तुम्ही स्वतः अलाइनमेंट बदललेली नसेल तर डावीकडे सरकलेला आकडा दिसला की समजायचं इथे गडबड आहे. एकक वरच्या मथळ्यात एकदाच लिहा.

आणि हो, मूळ फाइलला हात लावायचा नाही, कॉपी करून कॉपीवर काम करायचं.

## पायरी २: सरावासाठी हा महिना घ्या

शिकायला आकडे लागतात म्हणून एक महिना तयार केलाय. हे कुठल्याही खऱ्या गावाचे आकडे नाहीत, सोयीसाठी पूर्ण मिमीतच घेतलेत, पण देशावरच्या जुलैत असा महिना येऊ शकतो. १ ते ३१ जुलै, ओळीने:

१ ते १० तारीख: ०, ४, १२, ०, १, ७, २२, १८, ३, ०
११ ते २० तारीख: ०, ५, ९, ३१, ६८, १४, ६, ०, २, ०
२१ ते ३१ तारीख: ०, ८, ११, ३, २६, १४२, ३७, १०, ४, ०, १

एकूण ४४४ मिमी. तुमची बेरीज हीच येते का बघा, नाही आली तर पुढे जाऊ नका.

आता हेच आकडे चढत्या क्रमाने लावा. तारखेचा रकाना सोबत निवडूनच सॉर्ट करा, फक्त पावसाचा रकाना सॉर्ट केला तर कुठला पाऊस कुठल्या दिवशीचा ते कायमचं हरवतं. क्रम लावल्यावर बघा, सुरुवातीला आठ शून्यं, मग बराच वेळ एक आकडी संख्या, मग १०, ११, १२, १४, १८, २२, २६, ३१, ३७, आणि एकदम ६८ आणि १४२. अजून एकही सूत्र लावलं नाही तरी महिन्याचा स्वभाव दिसायला लागला ना? नुसता क्रम लावून पाच मिनिटं बघत बसणं हेही कामच आहे, ते टाळू नका.

## पायरी ३: वर्ग ठरवा आणि वारंवारता तक्ता करा

वारंवारता म्हणजे किती वेळा, एवढंच. अडचण असते ती वर्ग कसे पाडायचे याची. दोन रस्ते आहेत.

एक, सारख्या रुंदीचे वर्ग. ०-१०, १०-२०, २०-३० असे. इथे लगेच प्रश्न येतो की १० मिमीचा दिवस कुठे टाकायचा? नववीच्या पुस्तकातली असमावेशक पद्धत आठवा, वरची मर्यादा त्या वर्गात धरायची नाही, म्हणजे १० हा १०-२० मध्ये. कुठलाही नियम घ्या पण एकच घ्या आणि तक्त्याखाली लिहा.

दोन, त्या विषयात आधीपासून ठरलेले वर्ग. पावसासाठी हे आयते आहेत, हवामान खातं २४ तासांच्या पावसाला ठरलेल्या मर्यादांनी नावं देतं, आणि मी नेहमी हेच वापरायला सांगतो, कारण मग तुमचा तक्ता बातम्यांशी आणि शेजारच्या तालुक्याशी ताडून बघता येतो. २०४.५ मिमी आणि त्यावर गेला तर अत्यंत मुसळधार, तो आपल्या महिन्यात नाही. बाकीचं असं:

| पाऊस (मिमी) | प्रकार | दिवस | टक्के | संचित दिवस |
|---|---|---|---|---|
| ० | कोरडा | ८ | २५.८ | ८ |
| ०.१ ते २.४ | अगदी हलका | ३ | ९.७ | ११ |
| २.५ ते १५.५ | हलका | १३ | ४१.९ | २४ |
| १५.६ ते ६४.४ | मध्यम | ५ | १६.१ | २९ |
| ६४.५ ते ११५.५ | मुसळधार | १ | ३.२ | ३० |
| ११५.६ ते २०४.४ | अति मुसळधार | १ | ३.२ | ३१ |

हाताने करत असाल तर ताळ्याच्या खुणा करा, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. मूळ यादीतला एकेक आकडा पेन्सिलीने खोडत जा, नाहीतर एखादा दोनदा मोजला जातो. एक्सेलमध्ये काउंटइफ्स वापरा, त्यात खालची मर्यादा आणि वरची मर्यादा अशा दोन अटी द्यायच्या. आणि काहीही वापरलं तरी शेवटी दिवसांची बेरीज ३१ आलीच पाहिजे. (टक्क्यांची बेरीज इथे ९९.९ येते. ती राउंडिंगमुळे, घाबरू नका, आणि १०० करण्यासाठी एखादा आकडा गुपचूप वाढवूही नका.)

वर्ग खूप रुंद केले तर काय होतं तेही करून बघा. ५०-५० चे वर्ग पाडले तर पहिल्याच वर्गात २९ दिवस जातात. कोरडा दिवस आणि ३७ मिमीचा दिवस एकाच खोक्यात! असा तक्ता न केलेला बरा. उलट २-२ मिमीचे वर्ग केले तर सत्तरच्या वर ओळी होतात आणि बहुतेक रिकाम्या. साधारण पाच ते दहा वर्ग हा माझा अंदाज, पण शेवटी वाचणाऱ्याला काय ठरवायचंय त्यावर आहे. पेरणी, फवारणी यासाठी कोरडे आणि हलके दिवस वेगळे दिसायला हवेत, तिथे रुंद वर्ग कामाचे नाहीत.

## पायरी ४: संचित रकाना वाचायला शिका

तक्त्यातला शेवटचा रकाना म्हणजे वरून खाली बेरीज करत आलेले दिवस. बरेच जण तो भरतात आणि बघतही नाहीत. आपल्या तक्त्यात तिसऱ्या ओळीला २४ आहे, म्हणजे ३१ पैकी २४ दिवस पाऊस १५.५ मिमी किंवा त्याहून कमीच होता. दुसऱ्या ओळीला ११ आहे. हवामान खात्याच्या हिशोबात २.५ मिमी किंवा जास्त झाला तरच तो 'पावसाचा दिवस' धरतात, म्हणजे ३१ वजा ११, पावसाचे दिवस २०. हा २० आकडा लिहून ठेवा, तो एकूण पावसाइतकाच महत्त्वाचा आहे.

## पायरी ५: चित्र काढा, आणि एकापेक्षा जास्त काढा

पहिलं चित्र, तारीखवार स्तंभालेख. आडव्या अक्षावर १ ते ३१, उभ्यावर मिमी. वारंवारता तक्त्यात एक गोष्ट हरवते ती म्हणजे क्रम, आणि पावसात क्रम हेच अर्धं दुखणं असतं. या आलेखात लगेच दिसतं की १८ ते २१ असे सलग चार दिवस जवळपास कोरडे गेले (०, २, ०, ०). कोरडे दिवस आठ, एवढं सांगून हे कळत नाही, आठ दिवस विखुरलेले असले तर पीक तगतं, सलग आले तर ताण पडतो.

दुसरं, आयतालेख म्हणजे हिस्टोग्राम. यात आडव्या अक्षावर मिमीचे वर्ग आणि उभ्यावर दिवसांची संख्या. खांबांमध्ये फट नसते, कारण एक वर्ग संपतो तिथेच दुसरा सुरू होतो. १०-१० चे वर्ग घेतले तर पहिला खांब २० दिवसांचा, मग ५, २, २, मग लांबच लांब रिकामी जागा, ६०-७० मध्ये एक आणि १४०-१५० मध्ये एक. डावीकडे डोंगर आणि उजवीकडे लांब शेपटी. हा आकार लक्षात ठेवा, पुढे सरासरी का फसवते ते याच आकारात आहे.

इथला सापळा मोठा आहे आणि मी प्रोजेक्टच्या वह्यांमध्ये तो सारखा बघतो. हवामान खात्याचे वर्ग सारख्या रुंदीचे नाहीत. 'हलका' वर्ग साधारण १३ मिमी रुंद आहे आणि 'मध्यम' साधारण ४९ मिमी रुंद. आयतालेखात क्षेत्रफळ वारंवारतेच्या प्रमाणात हवं, त्यामुळे उंची काढायला दिवसांना रुंदीने भागावं लागतं: हलक्यासाठी १३ भागिले १३ म्हणजे १, मध्यमसाठी ५ भागिले ४९ म्हणजे जेमतेम ०.१. म्हणजे मध्यमचा खांब हलक्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. हे झंझट नको असेल तर सरळ मार्ग असा की असमान वर्गांसाठी फटी ठेवून साधा स्तंभालेख काढा, खांबाखाली कोरडा, हलका, मध्यम अशी नावं लिहा, आणि त्याला आयतालेख म्हणू नका. आयतालेख काढायचाच असेल तर सारखे वर्ग घ्या.

तिसरं, नक्षत्रवार. हे मला फार आवडतं कारण गावात बोलणं याच भाषेत होतं. कॅलेंडरवरून तारखा घ्या, जुलैत साधारण पहिले पाच दिवस आर्द्रा, ६ ते १९ पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, आणि २० पासून पुष्य म्हणजे म्हातारा. वर्षागणिक एखादा दिवस पुढेमागे होतो. आपल्या महिन्यात आर्द्राचे १७ मिमी, तरण्याचे १८५ आणि म्हाताऱ्याचे २४२. पण थांबा, दिवस सारखे नाहीत, ५, १४ आणि १२ आहेत, म्हणून रोजचे काढा: ३.४, १३.२ आणि २०.२. शिवाय आर्द्रा जूनमध्येच सुरू झालेली असते, तिचे जूनचे दिवस न घेता 'आर्द्रा कोरडी गेली' म्हणणं चूक आहे. पुष्यही ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चालतं, तेव्हा त्याचाही हिशोब अजून पुरा नाही.

वृत्तालेख, म्हणजे पाय चार्ट, इथे शक्यतो नको. सहा वर्ग, त्यातले दोन ३.२ टक्क्यांचे, त्या फाका दिसतही नाहीत. थ्रीडी खांब तर कधीच नको, उंची वाचता येत नाही. आणि उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करा, खांबाच्या आलेखात यावर तडजोड नाही.

## पायरी ६: आता मध्य, मध्यक, बहुलक

मध्य म्हणजे आपली नेहमीची सरासरी: ४४४ भागिले ३१, १४.३ मिमी. मध्यक म्हणजे क्रम लावल्यावर मधला आकडा: ३१ दिवस आहेत म्हणजे सोळावा, तो आहे ५ मिमी. बहुलक म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला: ०, आठ वेळा.

तीन आकडे, तिघेही बरोबर, आणि तिघेही वेगळं सांगतायत. आता तक्ता परत बघा, १४.३ पेक्षा जास्त पाऊस किती दिवस झाला? फक्त सात दिवस. म्हणजे ज्याला आपण सरासरी दिवस म्हणतोय तेवढा पाऊस २४ दिवस झालाच नाही. हे का होतं ते शेपटीत आहे: ६८ आणि १४२ मिळून २१० मिमी, म्हणजे अख्ख्या महिन्याच्या ४७ टक्के पाऊस दोन दिवसांत. नुसता १४२ चा दिवस बाजूला ठेवून बघा, सरासरी १४.३ वरून १०.१ वर येते आणि मध्यक ५ वरून ४.५ वर. मध्यक जवळजवळ हललाच नाही.

म्हणून एका बाजूला शेपटी असलेल्या आकड्यांसाठी, पाऊस, पगार, जमिनीचं क्षेत्र, दवाखान्याचा खर्च, मध्यक सांगायलाच हवा. याचा अर्थ सरासरी टाकाऊ असा नाही. धरणात, विहिरीत किती पाणी आलं याला एकूण पाऊसच लागतो आणि एकूण म्हणजे सरासरी गुणिले दिवस. प्रश्न पाण्याच्या साठ्याचा असेल तर एकूण आणि मध्य, प्रश्न 'साधारण दिवस कसा होता' असा असेल तर मध्यक.

याहून टोकाचं उदाहरण खरंखुरं आहे. २००५ च्या त्याच २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला जेमतेम ७४ मिमी. एकाच शहरातली दोन केंद्रं. दोघांची सरासरी ५०९ येते, आणि तेवढा पाऊस या दोन्हीपैकी कुठेच पडला नव्हता. गावातल्या दोन टोकांना दोन पर्जन्यमापक असतील तर सरासरी करायच्या आधी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, एवढंच मागणं आहे.

बहुलकाबद्दल थोडक्यात. खऱ्या वहीत ४.२, ४.६ असे दशांश असतात, एकच आकडा परत येत नाही, आणि काहीच परत आलं नाही तर एक्सेलचं मोड एरर देतं. तेव्हा बहुलक आकडा शोधण्यापेक्षा सगळ्यात जास्त दिवसांचा वर्ग सांगा, आपल्याकडे तो 'हलका', १३ दिवस.

आणखी एक आकडा मी काढतोच: फक्त पावसाच्या दिवसांची सरासरी. त्या २० दिवसांचा पाऊस ४४० मिमी, म्हणजे दिवसाला २२ मिमी, मध्यक १०.५. 'पडला तेव्हा किती पडला' याचं उत्तर हे.

सापळा: मूळ आकडे हाताशी असताना वर्गांच्या तक्त्यावरून सरासरी काढू नका. १०-१० च्या वर्गांचे वर्गमध्य (वर्गाचा मधला आकडा, ०-१० चा ५) घेऊन केलं तर १६.३ येते, खरी १४.३ आहे. कारण पहिल्या वर्गातले आठ कोरडे दिवसही वर्गमध्यामुळे ५ मिमीचे धरले जातात. ती रीत परीक्षेसाठी आणि दुसऱ्याने फक्त तक्ता दिलेला असेल तेव्हासाठी.

## पायरी ७: पसारा किती ते सांगा

विस्तार म्हणजे सगळ्यात मोठा वजा सगळ्यात लहान, १४२ वजा ०. यात फक्त दोन दिवस बोलतात, बाकी २९ गप्प, तरी लिहा, कारण टोकाचा दिवस कळतो.

चतुर्थक जास्त कामाचे. क्रम लावून मधला सोडला की खाली १५ आणि वर १५ उरतात, त्या दोन्ही अर्ध्यांचे मधले आकडे म्हणजे पहिला आणि तिसरा चतुर्थक: ० आणि १४. म्हणजे मधले अर्धे दिवस ० ते १४ मिमीच्या आत. आता हेच एक्सेलमध्ये साध्या क्वार्टाइलने काढलं तर ०.५ आणि १३ येतात! नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो आणि तासभर आपली चूक शोधत बसतो. चूक कोणाचीच नाही, चतुर्थक काढायच्या एकाहून जास्त पद्धती आहेत. क्वार्टाइलला मागे ईएक्ससी लावलेलं दुसरं फंक्शन असतं, ते या महिन्याला ० आणि १४ च देतं. कुठलं वापरलं ते लिहा आणि दर महिन्याला तेच वापरा.

प्रमाण विचलनाचं, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत ते सांगणाऱ्या आकड्याचं, काय? या महिन्याचं २७.३ येतं, आणि भागताना ३१ ऐवजी ३० घेतले तर २७.८. एक्सेलमध्ये मागे पी असलेलं फंक्शन ३१ ने भागतं, एस असलेलं ३० ने. महिन्याचे सगळे दिवस तुमच्याकडे आहेत आणि फक्त त्याच महिन्याबद्दल बोलायचंय, तर पी. निवडक घरांच्या सर्व्हेवरून पूर्ण गावाबद्दल बोलायचंय, तर एस.

पण पावसाच्या रोजच्या आकड्यांना 'सरासरी अधिक-उणे प्रमाण विचलन' असं लिहू नका. १४.३ मधून २७.३ वजा करा, उणे १३ मिमी! उणे पाऊस नसतो. विचलन सरासरीपेक्षा मोठं आलं आणि आकडे शून्याच्या खाली जाऊच शकत नाहीत, तर समजायचं की शेपटी लांब आहे, मध्यक आणि चतुर्थक द्या. वर्गातले मार्क, मुलांची उंची असे दोन्हीकडे साधारण सारखे पसरलेले आकडे असतील तिथे प्रमाण विचलन छान काम करतं.

## पायरी ८: मोठ्या आकड्याला आउटलायर म्हणून उडवू नका

आउटलायर म्हणजे बाकीच्यांपासून खूप लांब पडलेला आकडा. १४२ दिसला की कोणीतरी म्हणतं, हा काढून टाक, आलेख बिघडतोय. असं करायचं नाही. आधी तपासा: ते १४.२ चं दशांशचिन्ह राहिलंय का, दोन दिवसांचं एकत्र आहे का, शेजारच्या महसूल मंडळात त्या दिवशी किती झाला. टायपिंगची चूक सिद्ध झाली तर दुरुस्त करा आणि तसं लिहा. खरा असेल तर तो राहिलाच पाहिजे. २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात, पंचनामे त्यावर होतात, आणि आपल्या महिन्यात असे दोन दिवस आहेत. नेमके तेच दिवस उडवले तर शेतकऱ्याच्या हातात उरलं काय?

हेच टक्केवारीतही होतं. समजा तुमच्या तालुक्याची जुलैची दीर्घकालीन सरासरी ४०० मिमी आहे, तर ४४४ म्हणजे ११ टक्के जास्त, आणि उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंत हवामान खातं 'सामान्य' म्हणतं. महिना कागदावर सामान्य. चार दिवसांचा खंड आणि दोन दिवसांत ४७ टक्के पाऊस त्या शब्दात दिसत नाही, तो तक्त्यात आणि तारखेच्या आलेखात दिसतो.

जाता जाता, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस, ज्यांच्या जन्मदिवशी, २९ जूनला, आपण सांख्यिकी दिन पाळतो, त्यांच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक पावसाच्या जुन्या नोंदींवरचंच होतं. १९२२ मध्ये उत्तर बंगालात पूर आला, पाणी अडवायला मोठे साठे बांधा असा सल्ला तज्ज्ञ देत होते, त्यांनी सुमारे ५० वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी तपासून दाखवलं की त्याचा उपयोग नाही, पाण्याचा निचरा लवकर व्हायला हवा. त्या नोंदी कोणीतरी रोज उठून लिहिल्या होत्या म्हणून हे झालं.

## पायरी ९: सारांश लिहा

सगळं झाल्यावर पाच-सहा ओळी पुरतात. आपल्या महिन्याचा असा:

जुलैत एकूण ४४४ मिमी पाऊस. पावसाचे दिवस २०, पूर्ण कोरडे ८. रोजचा मध्यक ५ मिमी, सरासरी १४.३ मिमी, मधले अर्धे दिवस ० ते १४ मिमी. १५ आणि २६ तारखेला मिळून २१० मिमी, महिन्याच्या ४७ टक्के. १८ ते २१ सलग चार दिवस २.५ मिमीपेक्षा कमी. नोंद नसलेले दिवस: नाहीत. माप सकाळी ८.३० चं, तारीख मोजल्याच्या दिवसाची. वर्ग हवामान खात्याचे.

सोबत तारखेचा आलेख आणि सहा ओळींचा तक्ता. दशांश एकच ठेवा, एक्सेलने १४.३२२५८ दिलं म्हणून तसंच छापायचं नाही, पर्जन्यमापक एवढं बारीक मोजत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणार असाल तर आलेख मोठा आणि अक्षर ठळक, व्हॉट्सॲपवर टाकणार असाल तर तक्त्याचा फोटो न पाठवता आकडे टाइप करून पाठवा म्हणजे कोणाला पुढे वापरता येतील.

ऑगस्टसाठी हेच वर्ग, हीच क्वार्टाइलची पद्धत आणि उभ्या अक्षाची हीच कमाल मर्यादा ठेवा, मग दोन महिन्यांचे आलेख शेजारी लावता येतात. आणि फाइलच्या नावात गाव, महिना, वर्ष तिन्ही टाका.